कोणालाच नाही

“मग, कुणाला मिळालं?” आईनं विचारलं. इकडे तोक्योत रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तिकडे वाईत दिवेलागण. तिच्या मागच्या भिंतीवर समईचा उजेड हलत होता, आणि फोन नेहमीसारखा असा धरलेला, की मला तिचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसत होतं.

“कुणालाच नाही.”

“कुणालाच नाही म्हणजे? परीक्षक भांडले की काय?”

२०२५ सालच्या १६ जुलैची ही गोष्ट. आकुतागावा आणि नाओकी या जपानमधल्या साहित्याच्या दोन्ही पुरस्कारांचा त्या दिवशी निकाल होता. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, हा निकाल लागतो आणि इथे तो बातम्यांमध्ये सांगतात, क्रिकेटच्या स्कोअरसारखा. मी भाषांतराच्या धंद्यातली. पोटासाठी यंत्रांची माहितीपत्रकं जपानीतून इंग्रजीत आणते. पण त्या संध्याकाळी दरवेळी एक डोळा फोनवर असतो. त्सुकिजीतल्या शिनकिराकू नावाच्या जुन्या भोजनगृहात परीक्षक बसतात, आकुतागावाचे खालच्या मजल्यावर, नाओकीचे वरच्या. उमेदवार आपापल्या संपादकांबरोबर कुठेतरी खात-पीत, म्हणजे खरं तर काहीच न खाता, फोनची वाट बघत बसलेले असतात. त्या वाट बघण्यालासुद्धा इथे नाव आहे, ‘माचिकाई’. त्या दिवशी एका पुरस्काराला चार उमेदवार होते, दुसऱ्याला सहा. दहा ठिकाणी दहा फोन मधोमध ठेवलेले असणार. आणि दहाही वाजले असणार, कारण नकार कळवायलाही फोन येतोच. मग पडद्यावर आलं : ‘गाइतो-साकु नाशी’. निकषाला उतरणारी कृती नाही. दोन्हीकडे नाही. असं दोन्ही पुरस्कारांना एकाच वेळी याआधी झालं होतं ते १९९८च्या जानेवारीत.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती निवृत्त शिक्षकाची बायको. परीक्षक, निकाल, ‘उत्तेजनार्थ’ या गोष्टी तिला चांगल्या कळतात. तिनं ऐकून घेतलं, फोन जरा खाली केला, त्यामुळे पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला, आणि म्हणाली, “बरंय. नाव छापून चुकीचं छापण्यापेक्षा न छापलेलं बरं. माझ्या कवितेला कुठं होतं नाव?”

“तुझ्या कुठल्या कवितेला?”

“अगं होती एक. दिवाळी अंकात आली होती. ठेव आता, कुकर झाला.”

आणि तिनं फोन ठेवला.

माझं वय एक्केचाळीस. आईनं कधी कविता केली होती आणि ती छापून आली होती, हे मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, जपानी परीक्षकांच्या कृपेनं कळलं. त्या रात्री झोप लागेना. निशि-कासाईत जुलैमध्ये हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर पडलेली असते. एसी लावला की घसा धरतो, बंद केला की घाम. गॅलरीत उभी राहिले. खालच्या रस्त्यावर आपल्याकडची दोन पोरं सायकली हातात धरून हळू आवाजात मराठीत ऑफिसचं गाऱ्हाणं गात होती. मी विचार करत होते, की आई कवितेत काय म्हणाली असेल. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हा, की मला कसं माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. निकालानंतर तिथे दारातच विजेत्या पुस्तकाची चळत रचतात, गुंडाळलेल्या लाल-सोनेरी पट्ट्या उलगडतात. त्या दिवशी चळत नव्हती. दुकानातल्या मुलीनं उमेदवारांची सगळी पुस्तकं ओळीनं मांडून प्रत्येकापुढे हातानं लिहिलेलं कार्ड ठेवलं होतं. अक्षर गोल, शेवटी एक छोटं फूल. विक्रीची संधी गेली म्हणून दुकानदार हळहळले असतील, ते सोडा. पण त्या मुलीनं दहाही जणांना सारखंच फूल काढलं होतं.

हा ‘नाशी’ काही आजचा नाही. आकुतागावा पुरस्कार लेखक किकुचि कान यांनी १९३५ साली सुरू केला, गेलेल्या मित्राच्या नावानं. मानाचा पुरस्कार म्हणून खिशातलं घड्याळ आणि जोडीला पैसे. घड्याळ अजून तेच आहे, पैसे आता दहा लाख येन. पहिल्याच वर्षी कथाकार दाझाई ओसामू उमेदवार होता आणि हरला. परीक्षकांपैकी कावाबाता यासुनारींनी त्याच्या खाजगी आयुष्यावर ढग असल्याचं अभिप्रायात लिहिलं, तेव्हा या भाईनं भर मासिकातून त्यांना जाहीर पत्र ठोकलं, पाखरं पाळायची आणि नाच बघायला जायचं हेच का ते थोर जगणं, अशा अर्थाचं. इथपर्यंत ठीक. पण १९३६च्या जानेवारीत त्यानंच दुसरे परीक्षक सातो हारुओ यांना लिहिलेलं एक पत्र २०१५ साली उजेडात आलं, आणि ते चार मीटर लांब निघालं. गुंडाळीच्या कागदावर, ब्रशनं, पुढचा पुरस्कार मलाच द्या म्हणून चार मीटर विनवणी. साडीपेक्षा जरा कमी. आणि ज्या दुसऱ्या खेपेच्या पुरस्कारासाठी ही गुंडाळी खर्ची पडली, तो पुरस्कार कुणालाच मिळाला नाही. गाइतो-साकु नाशी.

मला हे पत्र वाचून हसू येत नाही. लोकांना येतं. शाळेत असताना एका कथास्पर्धेत मला उत्तेजनार्थ मिळालं होतं, तेव्हा त्या शब्दाचा इतका राग आला होता, की प्रमाणपत्र मी मोलकरणीच्या मुलीला पाठीमागे चित्र काढायला दिलं. कुणी मागितलं नसताना. चार मीटर नाही, पण दोन-तीन फूट माझ्यातही होतं.

रविवारी आईला पुन्हा धरलं. या वेळी कुकर नव्हता, ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. गोष्ट अशी निघाली. १९७८ साली तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाला तिनं कविता पाठवली. पाठवली तेव्हा ती कुमारी होती, खाली माहेरचं नाव होतं. वैशाखात लग्न झालं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, पहिलं नावही नवं आणि आडनावही. मग तिला कवितेची आठवण झाली. आता ते जुनं नाव छापून आलं तर सासरी बरं दिसेल का, आणि नवं नाव तर अजून हाक मारल्यावर आपलं वाटतच नाही. म्हणून तिनं संपादकांना कार्ड टाकलं, की कृपया आधीचं नाव घालू नये. कुठलं घालावं, ते लिहायचं राहिलं. “राहिलं म्हणजे, लिहवेनाच,” ती म्हणाली. संपादकांनी आपल्या परीनं मार्ग काढला. कवितेखाली छापलं : ‘एक भगिनी’.

“आणि कविता?”

“पहिल्या दोन ओळी आठवतात. दाराशी पाऊस थांबला होता, ओल्या पायानं आत कसं यावं म्हणून.”

मी गप्प. शेंगांचा टपटप आवाज.

“पण त्यांनी छापलं काय, माहितीये? दाराशी पाऊल थांबला होता. पाऊल! थांबला! आणि वर ते ओल्या पायानं आत यायचं म्हणतंय. म्हटलं, बरं झालं बाई नाव नव्हतं. लोक म्हणाले असते, हिला साधं लिंग कळत नाही.”

तिला हसू आवरेना. मला हसावं की काय करावं कळेना. दोन नावं असलेल्या बाईची एकुलती एक छापील कविता बिननावाची, आणि तिला त्याचं समाधान आहे, कारण त्यात खिळे जुळवणाऱ्यानं माती खाल्ली. (ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाहीये. तिला विचारलेलं नाही.)

तेव्हापासून डोक्यात तादानोरी आहे.

ताइरा नो तादानोरी. ताइरा घराण्यातला सेनानी, सात्सुमाचा नामधारी सुभेदार, आणि चांगला कवी. ११८३ साली ताइरांचं राज्य उलटलं, शत्रू मिनामोतोंच्या फौजा राजधानीवर आल्या, आणि सगळं घराणं क्योतो सोडून पश्चिमेकडे पळालं. हेइकेंच्या, म्हणजे ताइरांच्याच, आख्यानात असं येतं, की निघालेला तादानोरी मोजक्या स्वारांनिशी वाटेवरून परत फिरला. घरी काही विसरला म्हणून नाही. फुजिवारा नो शुन्झेई या वृद्ध कवीच्या दाराशी आला. शुन्झेईला सम्राटाच्या आज्ञेवरून निघणाऱ्या काव्यसंग्रहाचं संपादन करायचं होतं. पळपुट्यांचा स्वार दारात बघून घरातले घाबरले, दार उघडेनात. तादानोरी म्हणाला, उघडू नका, दाराशी या एवढंच. मग शुन्झेई भेटला. तादानोरीनं चिलखतातून शंभरेक कवितांची एक गुंडाळी काढून त्याच्या हाती दिली : पुढे कधी शांतता झाली आणि संग्रह निघाला, तर यातली एक तरी घ्या. आणि घोड्यावर बसून निघून गेला. मागून त्याचा कविता गुणगुणण्याचा आवाज ऐकू आला म्हणतात.

पुढच्या वर्षी इचि-नो-तानीच्या लढाईत तो पडला. शत्रूच्या गर्दीतून निसटताना ‘मी तुमच्यातलाच’ असं तो म्हणाला, पण दात काळे रंगवलेले दिसले. ती ताइरांची दरबारी पद्धत. त्यावरून ओळखला गेला. हात तुटला, मग डोकं. मारणाऱ्याला तरी कुठं माहीत, आपण नेमकं कुणाला मारलंय? भात्याला एक कागद बांधलेला सापडला, त्यावर कविता होती. चालता चालता अंधारलं आणि झाडाखालीच मुक्काम केला, तर आज रात्रीचं यजमानपण फुलांकडे, अशा अर्थाची. खाली सही : तादानोरी. प्रेताची ओळख कवितेनं पटवली.

शुन्झेईचा ‘सेन्झाइशू’ ११८८मध्ये पुरा झाला. त्यानं शब्द पाळला, एक कविता घेतली. शिगाची जुनी राजधानी उजाड झाली, पण नागारा डोंगरावरची रानचेरी पूर्वीसारखीच फुलली आहे, ती कविता. पण तादानोरी आता राजद्रोही घराण्यातला. दरबारी ग्रंथात त्याचं नाव कसं घालणार? कवितेवर लिहिलं गेलं : ‘योमिबितो शिराझु’. कवी अज्ञात.

शुन्झेईला कवी पक्का माहीत होता. त्यानं त्याच्या हातून गुंडाळी घेतली होती. आईच्या संपादकांनाही तिचं माहेरचं नाव माहीत होतं. हा ‘अज्ञात’ म्हणजे न कळलेला नाही, कळवता न येणारा. पुढे ‘नो’ नावाच्या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या एका नाटकात तादानोरीचं भूत येतं आणि एका भिक्षूपाशी हेच गाऱ्हाणं मांडतं : मेल्याचं काही नाही, नाव घालायला सांगा. लढाई हरली, हात गेला, डोकं गेलं, आणि माणूस परत येतो तो नावासाठी. दाझाईची गुंडाळी आणि तादानोरीची गुंडाळी मी शेजारी-शेजारी ठेवून बघते, तर मला त्यांत अब्रूचा फारसा फरक दिसत नाही. एकाच्या अंगावर चिलखत होतं म्हणून तो रुबाबदार दिसतो इतकंच.

आणि नाव मिळालं ते कसं, तर ‘तादा’ म्हणजे फुकट, ‘नोरी’ म्हणजे गाडीत बसणं. जुन्या पिढीतले लोक विनातिकीट प्रवासाला अजून ‘सात्सुमा नो कामी’ म्हणतात, सात्सुमाचे सुभेदारसाहेब. ऑफिसातल्या एका साठीच्या गृहस्थांनी तोझाइ लाइनच्या गर्दीत मला हा विनोद समजावून सांगितला होता, नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा मी पोट धरून हसले होते. कवीचं नाव संग्रहातून गेलं ते थेट तिकीट तपासनिसाच्या तोंडी आलं.

आपल्या संतांनी हा घोळच ठेवला नाही, हे मला फार उशिरा, इथे बसून कळलं. तुका म्हणे, चोखा म्हणे, म्हणे नामयाची जनी. नाव कवितेखाली नाही, कवितेत. ते कापायला जावं तर चरण मोडतो. कुठल्या संपादकाची, कुठल्या सम्राटाची टाप नाही ‘एक भगिनी’ छापायची. तादानोरीची कविता उणीपुरी एकतीस अक्षरांची, तीत नाव घालायला जागा कुठली? उलट आपल्याकडे लोकांनी आपल्या रचना तुकोबांच्या नावावर चढवल्या. स्वतःचं नाव टाकून दिलं आणि कविता दुसऱ्याच्या घरी नांदायला पाठवली. आणि जात्यावरच्या बायकांनी तर नावाचा विचारच केला नाही. पीठ पडलं, ओवी हवेत. माझी आई कुठल्या रांगेतली, हे मात्र मला ठरवता येत नाही. तिनं पोस्टानं पाठवली होती. रीतसर तिकीट लावून. म्हणजे हवंच होतं की.

या देशात कविता निवडायला सरकारी खातं होतं, ही गोष्ट मला पुण्यात जपानी शिकताना कुणी सांगितली असती तर मी भाषा आणखी मन लावून शिकले असते. ९५१ साली सम्राट मुराकामीनं राजवाड्यात ‘वाकादोकोरो’ उघडलं, कवितेचं कार्यालय. जागा दिली नाशित्सुबो नावाच्या वाड्यात, म्हणजे ज्याच्या अंगणात नासपतीचं झाड आहे तो चौक. पाच माणसं नेमली. कामं दोन : नवा संग्रह तयार करणं, आणि जुना ‘मान्योशू’ वाचणं. वाचणं म्हणजे लावणं. कारण दोनशे वर्षांत लिपीची पद्धत बदलून गेली होती आणि पूर्वजांच्या कविता समोर असून वाचता येत नव्हत्या. आमच्या घरी आजोबांच्या वडिलांच्या हातचे मोडीतले कागद आहेत. आई दर दसऱ्याला त्यांना हळद-कुंकू वाहते. त्यात काय आहे, कुणाला माहीत? कर्जरोखा असेल. कविता असेल.

त्या पाचांपैकी मिनामोतो नो शितागोची एक आख्यायिका मला फार प्रिय आहे. एका जागी ‘डावा-उजवा’ अशी दोन चिन्हं होती आणि त्याचा उच्चार काही केल्या लागेना. बिचारा इशियामाच्या कान्नोन देवीला साकडं घालून आला. परतीच्या वाटेवर एक घोडेवाला लादलेलं ओझं सरकलं म्हणून दुसऱ्याला ओरडत होता, दोन्ही हातांनी धर, ‘माते’नं धर! आणि शितागोच्या डोक्यात उजेड पडला : डावा आणि उजवा म्हणजे दोन्ही हात, दोन्ही हात म्हणजे ‘माते’, आणि कवितेत ते ‘मादे’, म्हणजे ‘पर्यंत’. सम्राटाच्या कार्यालयाला न सुटलेलं कोडं घोडेवाल्यानं सोडवलं. शितागोचं नाव पाच पंडितांच्या यादीत आहे. घोडेवाल्याचं कुठेच नाही, आणि त्याला त्याची खबरही नाही. तो आपलं ओझं सारखं करून गेला.

नासपतीवरून आणखी एक. जपानीत नासपतीला ‘नाशी’ म्हणतात आणि ‘नाही’लाही ‘नाशी’च. शुभकार्याला ‘नाही’ कसं म्हणायचं, म्हणून जुने लोक त्या फळाला ‘आरि नो मि’ म्हणायचे, म्हणजे ‘आहे’चं फळ. आपण दिवा विझवत नाही, मोठा करतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. निघताना ‘येते’ म्हणतो. हे वाचलं तेव्हा मी एकटीच घरात मोठ्यानं हसले होते. ऑगस्टमध्ये शेजारच्या चिबामधून नाशी येते, खरबरीत तपकिरी सालीची, गोल. सुरी लावली की चर्र आवाज, आणि फोड तोंडात टाकली की फळ कमी, पाणी जास्त. उन्हातून आल्यावर तिच्यासारखं दुसरं काही नाही. आकुतागावाच्या त्या कार्डांवर ‘नाशी’ऐवजी ‘आरि नो मि’ लिहिलं असतं तर, असा एक पाचकळ विचार दर फोडीला येतो.

कवितेचं ते कार्यालय पुढे मिटलं, आणि १२०१ साली निवृत्त सम्राट गो-तोबानं पुन्हा उघडलं. त्याच्या ‘शिन-कोकिनशू’त जवळपास दोन हजार कविता आहेत. शुन्झेईचा मुलगा तेइका संपादकांपैकी एक. १२०५मध्ये ग्रंथ पुरा झाल्याची मेजवानीही झाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं गो-तोबा कविता काढत होता आणि घालत होता. ही नको, ती घ्या. तेइका रोजनिशीत कुरकुरतो. शेवटी १२२१मध्ये गो-तोबानं कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला, हरला, आणि ओकि बेटांवर हद्दपार झाला. तिथेच अठराव्या वर्षी, १२३९ साली मेला. आणि तिथेही तो काय करत होता? तोच ग्रंथ पुन्हा चाळत होता. जवळपास चारशे कविता काढून टाकल्या. राज्य गेलं, मुलूख गेला, समोर राखाडी समुद्र, हाताखाली कुणी कारकून नाही, आणि हा माणूस ‘ही नको’ म्हणतोय. निवडणाऱ्यालाही चैन नसतं, हे मला शिनकिराकूच्या त्या दोन मजल्यांकडे बघताना आठवलं. आपल्या हाल सातवाहन राजानं कोटीभर गाथांतून सातशे निवडल्या म्हणतात. उरलेल्या नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार तीनशेंचं काय झालं, हे शाळेत एकदा विचारलं होतं, तेव्हा गुरुजींनी मला बाकावर उभं केलं होतं.

असे सम्राटांच्या आज्ञेवरून निघालेले संग्रह एकंदर एकवीस. पहिला ९०५चा, शेवटचा १४३९चा. मग ते थांबले. पण घराण्याची कवितेची खोड गेली नाही. मेइजी सम्राटानं आयुष्यात नव्वद हजारांवर कविता केल्या. राज्य कधी केलं असेल कोण जाणे. त्याच्याच काळात, १८७४ साली, नव्या वर्षाच्या दरबारी काव्यवाचनाला, ‘उताकाई हाजिमे’ला, सामान्य लोकांनाही कविता पाठवायची मोकळीक मिळाली. ते वाचन अजून होतं, दर जानेवारीत, राजवाड्यात. टीव्हीवर दाखवतात. दहा जणांच्या कविता निवडतात. आधी कवीचं नाव पुकारलं जातं आणि तो माणूस उठून उभा राहतो, आणि मग त्याची एकतीस अक्षरं इतकी लांबवून म्हणतात, की एकेक स्वर धुरासारखा वर जातो. सम्राटाची कविता तीनदा म्हणतात, सम्राज्ञीची दोनदा. गंमत म्हणजे या घराण्याला आडनावच नाही. आताचे सम्राट नारुहितो हे १२६वे मानले जातात आणि आडनाव नाही. राजकन्येनं बाहेर लग्न केलं तर ती घराण्यातून बाद होते आणि तेव्हा तिला पहिल्यांदा आडनाव मिळतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे तिलाही कार्ड टाकावं लागत असेल.”

या उताकाईला कुणीही कविता पाठवू शकतं. आपणसुद्धा. २०२६साठी दिलेला शब्द होता ‘मेइ’, उजेड, स्वच्छ, उजाडणं, उद्या, सगळं त्यात आलं. मुदत सप्टेंबरअखेर. मी नियम काढून वाचले. पत्त्यात राजमहाल कारभार संस्थेचं नाव आणि पिनकोड इतकंच पुरतं. कागद हान्शी, म्हणजे ब्रशनं लिहायचा पातळ जपानी कागद, आडवा धरायचा, ब्रशनं उभ्या ओळीत लिहायचं. उजव्या अर्ध्या भागात दिलेला शब्द आणि कविता. डाव्या अर्ध्या भागात पिनकोड, पत्ता, फोन, नाव, जन्मतारीख, व्यवसाय. व्यवसायापाशी एक सूचना आहे : नोकरी नसल्यास तसं लिहावं, पूर्वी काही करत असल्यास शक्यतो ते लिहावं, आणि गृहिणींनी नुसतं ‘गृहिणी’ लिहिलं तरी हरकत नाही. ही ओळ मी तीन-चारदा वाचली. कुणा कारकुनानं लिहिली असेल? कागदाचा अर्धा भाग कवितेला आणि बरोब्बर अर्धा ती लिहिणाऱ्या माणसाला.

शंभर येनच्या दुकानातून हान्शी आणि शाई आणली. मी जपानीत कविता करणारी नव्हे. पण ऑगस्टमधल्या एका रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसले. सवय नसली की ब्रश जास्त शाई पितो आणि कागदावर ओकतो. आधी डावी बाजू लिहिली. पत्ता आला, नाव आलं, काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या लिपीत, माझं आडनाव उभं लिहिलं तर शेवटचं अक्षर कागदाबाहेर जायला लागलं. व्यवसाय, भाषांतरकार. डावी बाजू भरून झाली. उजवी तशीच, पांढरी. अर्धा तास तिच्याकडे बघत बसले. मग नाशी कापली.

२०१३ साली कुरोदा नात्सुको यांना आकुतागावा मिळाला तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या, आजवरच्या सगळ्यांत वयस्क विजेत्या. त्यांच्या त्या कथेत पात्रांना नावंच नाहीत. पुरस्कार घेताना त्या म्हणाल्या होत्या, की जिवंत असताना मला शोधून काढलंत, आभारी आहे. मी तेव्हा पुण्यात होते, बातमी वाचली आणि छान वाक्य म्हणून सोडून दिली. आई तेव्हा छप्पन्न-सत्तावन्नची असेल. त्याच सुमाराला मी तिला फोनवर सांगितलं होतं, की अगं तुला काय कळतंय त्यातलं. कशातलं, ते आता आठवत नाही. वाक्य आठवतं.

फोडी खाता खाता फोन वाजला. कपाळ आणि पंखा.

“ऐक. पहाटे आठवली बघ पुढची ओळ. दळण आणायला निघाले होते, जिन्यातच आठवली. लिहून घे, नाहीतर जाईल.”

हाताशी तोच कागद होता. ब्रश बाजूला ठेवून बॉलपेन घेतलं. हान्शीवर बॉलपेन टोचतं, कागद फाटायला बघतो.

“आजीनं पोतं टाकलं,” ती म्हणाली, “आणि म्हणाली, ये बाबा, पुसून ये.”

लिहिलं. उजव्या बाजूला, देवनागरीत, आडवं. एक ओळ नाशीच्या पाण्यानं पसरली.

“एवढीच?”

“एवढीच. चार ओळींची तर होती. तेवढीच जागा होती त्यांच्याकडे, खाली साबणाची जाहिरात.”

“आणि नाव काय घालू? माहेरचं की आत्ताचं?”

पंखा फिरत राहिला. तिकडून पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला.

“ते बघू गं,” आई म्हणाली. “तू आधी पाऊस लिहिलायस ना नीट? वाचून दाखव बघू.”